यंत्राची पावकी

एक दशांशात दोन दशांश मिळविले की तीन दशांश होतात, याविषयी शाळकरी मुलालाही शंका नसते. जावास्क्रिप्ट नावाच्या संगणकी भाषेला मात्र ती आहे. हीच बेरीज तिला सांगा; ती ०.३०००००००००००००००४ असे उत्तर देईल. तीन, त्याच्यामागे पंधरा शून्ये आणि शेवटी कोठून तरी उपटलेला एक चार! तीन दशांश आणि ही बेरीज सारखी आहे काय, असे विचारावे, तर ती सरळ ‘नाही’ म्हणते. बरे, अर्धा आणि पाव यांची बेरीज विचारा. ती पाऊणच येते, नेमकी, कणभरही इकडेतिकडे नाही.

हा पंक्तिप्रपंच का, हे समजून घ्यायला मला आपल्या जुन्या रुपयासारखे साधन दुसरे दिसत नाही. १९५७च्या एप्रिलपर्यंत आपला रुपया सोळा आण्यांचा होता आणि आणा चार पैशांचा. म्हणजे रुपयाचे चौसष्ट पैसे. रुपयाचा अर्धा करा, पुन्हा अर्धा करा, असे सहा वेळा करीत गेलात की बरोबर पैशावर येता. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी घोकणाऱ्या पिढ्यांचे सारे व्यवहारी गणित या अर्ध्याच्या अर्ध्यावर उभे होते. संगणकाची विद्याही एवढीच. त्याच्यापाशी शून्य आणि एक हे दोनच अंक. म्हणून अपूर्णांक म्हटला की त्याला अर्धा, पाव, अर्धपाव, आणा अशाच वाटण्या जमतात. जुना पैसा त्याला तंतोतंत लिहिता येतो. १ एप्रिल १९५७ रोजी आलेला नवा पैसा, रुपयाचा शंभरावा भाग, त्याला कधीच पुरता लिहिता येत नाही. आपल्याला एक तृतीयांश दशांशात लिहायला सांगितले, तर आपण तीनावर तीन मांडीत बसतो, तसा तो एक दशांशासाठी ००११, ००११ असे मांडीत बसतो. जागा संपली की थांबतो. जावास्क्रिप्टमध्ये ही जागा ५३ द्विमान अंकांची आहे. एक दशांश म्हणून तेथे जे साठविले जाते ते वास्तविक एक दशांशाहून किंचित मोठे असते. पुराव्याचा तो चार या ‘किंचित’चाच वंशज.

संख्या मांडण्याच्या या रीतीला फ्लोटिंग पॉइंट म्हणतात. बिंदू एका जागी खिळलेला नसून तरता असतो. महत्त्वाचे अंक एकीकडे आणि बिंदू किती घरे सरकवायचा ते दुसरीकडे. बर्लिनच्या कोनराड त्सूझेने आईबापांच्या बैठकीच्या खोलीत जे पहिले यंत्र १९३८ साली उभे केले, त्यातच ही रीत होती. १९४१ सालच्या त्याच्या झेड-३ या यंत्रात एका संख्येला २२ द्विमान अंक मिळत, आणि उत्तर अनंताकडे गेले तर त्याचीही दखल घेण्याची सोय त्याने केली होती. पुढे बाँबहल्ल्यात ते यंत्र नष्ट झाले.

नंतरच्या तीसेक वर्षांत मात्र बारा गावची बारा मापे झाली. प्रत्येक कंपनीचे गणित निराळे. काही यंत्रांत एखादी अतिसूक्ष्म संख्या तुलनेच्या वेळी शून्याहून वेगळी ठरे आणि गुणाकाराच्या वेळी शून्य होऊन बसे! आयबीएमने १९६४ साली जाहीर केलेल्या सिस्टिम-३६० मध्ये दुहेरी अचूकतेच्या वजाबाकीसाठी एक जादा अंक राखून ठेवण्याची काळजी घेतलेली नव्हती. जाणकारांनी ओरड केली, तेव्हा गिऱ्हाइकांकडे पोचलेली यंत्रे दुरुस्त करावी लागली. ओरड करणाऱ्यांत विल्यम काहान नावाचा कॅनेडियन गणिती होता. हा माणूस मला फार आवडतो. कोट्यवधी बेरजांतून एखादी वाकडी गेली तर कोणाचे बिघडले, असे म्हणणाऱ्यांशी त्याने जन्मभर भांडण मांडले. इंटेलच्या ८०८७ या गणिती चकतीची आखणी त्याच्या सल्ल्याने झाली, ती १९८० साली बाजारात आली. आणि सगळ्या कंपन्यांची वर्षानुवर्षे हुज्जत होऊन १९८५ साली आयईईई ७५४ हे एकच प्रमाण ठरले. १९८९चे ट्यूरिंग पारितोषिक काहानला मिळाले.

१९९५ साली ब्रेंडन आइकने दहा दिवसांत जावास्क्रिप्टचा पहिला आराखडा उभा केला, तेव्हा त्याने अंकांची एकच जात ठेवली, ती याच प्रमाणाची. त्यामुळे त्यातील गमती तिच्या पदरी आयत्या आल्या. ‘नॅन’ म्हणजे ‘अंक नव्हे’ असे एक मूल्य आहे. त्याची जात विचारली तर भाषा ‘अंक’ म्हणून सांगते, आणि ते स्वतःच्याही बरोबरीचे नसते. शून्ये दोन आहेत, धन आणि ऋण. दोन्ही समान, पण एकाने एकास भागले तर धन अनंत येते, दुसऱ्याने भागले तर ऋण अनंत. या अनंतात काहीही मिळवा, ते ढळत नाही. भास्कराचार्यांनी बाराव्या शतकात शून्याने भागलेल्या राशीला ‘खहर’ म्हटले आणि भर घातल्याने वा काढल्याने तिच्यात विकार होत नाही असे सांगितले, ते येथे आठवल्याखेरीज राहत नाही.

परंतु सूक्ष्म चुका साचल्या की त्यांचे हसू राहत नाही. व्हँकूवरच्या शेअरबाजाराने जानेवारी १९८२ मध्ये आपला निर्देशांक १००० वर सुरू केला. प्रत्येक वेळी तिसऱ्या दशांशस्थळापुढचे अंक नुसते छाटून टाकीत. नोव्हेंबर १९८३ पर्यंत निर्देशांक ५२४ वर आला. नीट हिशेब केला तेव्हा तो १०९८ निघाला. तेथे निदान जीव गेले नाहीत. सौदी अरेबियातील धहरान येथे २५ फेब्रुवारी १९९१ रोजी गेले. अमेरिकन पेट्रियट क्षेपणास्त्रांचे घड्याळ सेकंदाच्या दहाव्या हिश्शांत वेळ मोजी, आणि त्याचे सेकंद करताना त्या एक दशांशाने गुणी. येथे बिंदू तरता नव्हता, स्थिर होता. पण दशांशाचे दुखणे तेच. चोवीस द्विमान अंकांत त्याची छाटणी झाली होती. चूक सेकंदाच्या एक कोट्यंशाहूनही कमी. ते यंत्र सुमारे शंभर तास अखंड चालू होते. म्हणजे छत्तीस लाख दशांश, आणि साचलेली चूक ०.३४ सेकंद. तेवढ्या अवधीत इराकी स्कड क्षेपणास्त्र अर्ध्या किलोमीटरहून अधिक अंतर कापते. यंत्राने भलत्याच जागी पाहिले, स्कड छावणीवर पडले आणि २८ सैनिक मेले. दुरुस्त केलेली आज्ञावली धहरानला पोचली ती दुसऱ्या दिवशी, २६ तारखेला.

मग ही भाषा सुधारून का घेत नाहीत? कारण तिची बेरीज प्रमाणाला धरूनच आहे. ती बदलायची तर जगभरच्या यंत्रांशी फारकत घ्यावी लागेल. म्हणून पैशाचे व्यवहार लिहिणारे जाणते लोक रुपयांत आकडेमोड करीतच नाहीत. सगळे पैशांत आणतात, म्हणजे पूर्णांकांत, आणि रुपये केवळ दाखविण्यापुरते करतात. तेथेही एक वेस आहेच. ९,००,७१,९९,२५,४७,४०,९९२ या संख्येत जावास्क्रिप्टने एक मिळविला, तर उत्तर पुन्हा तीच संख्या येते. त्यापलीकडचे पूर्णांक मोजण्यासाठी २०२० साली भाषेत ‘बिगइंट’ नावाची अंकांची दुसरी जात घेतली. या जातीला अपूर्णांक मुळीच चालत नाहीत. पाचाला दोहोंनी भागले की ती दोन म्हणून मोकळी होते.