डमडमचे कारखाने आणि कामावरून उडालेले मन

कलकत्त्याच्या उत्तरेचे डमडम आधी छावणी म्हणून वाढले आणि मग कारखान्यांचे गाव झाले. १७८३ ते १८५३ या काळात बंगाल तोफखान्याचे मुख्यालय येथे होते. १८४६ मध्ये बंदुकीचा दारूगोळा बनवणारा सरकारी कारखाना उभा राहिला, १९२८ मध्ये ग्रामोफोन कंपनीचा कारखाना आला आणि जेसप कंपनीनेही आपले अवजड यंत्रकाम येथेच थाटले. माणसे वेळेवर येतात, हजेरी लागते, पण हात मन लावून चालत नाहीत, ही अडचण डमडममध्ये वेगवेगळ्या काळी उभी राहिली. तिच्यावर लष्करी शिस्त, बोनस, सरकारीकरण, संयुक्त समित्या आणि शेवटी खासगीकरण असे उपाय झाले. येथला कामकरी केवळ कामाला कंटाळून मागे सरला, असे या इतिहासात क्वचितच दिसते. बहुतेक वेळा धन्याच्या शब्दावरचा भरवसा आधी गेला आणि उमेद त्याच्या मागोमाग गेली.

याचे सर्वांत ठळक उदाहरण जानेवारी १८५७ चे आहे. कंपनी सरकारच्या पायदळातील शिपाई महिना सात रुपयांवर राबत असे. त्याच्या दृष्टीने ती पोटाची नोकरी होती, आणि घराण्याच्या मानाचीही. पण त्या नोकरीच्या अटी त्याला न विचारता बदलत चालल्या होत्या. १८५६ च्या कायद्याने नव्या भरतीच्या शिपायाला समुद्रापलीकडे जाणे बंधनकारक झाले. त्याच वर्षी अवध खालसा झाले. बंगाल फौजेतले असंख्य शिपाई त्या मुलखातले असल्याने ही घटना थेट त्यांच्या घरात पोचली. अशा वेळी एन्फिल्ड बंदूक चालवायला शिकण्यासाठी निरनिराळ्या पलटणींतून निवडलेले शिपाई डमडमच्या शाळेत जमले होते. नव्या बंदुकीच्या काडतुसाला वंगण लावलेले असे आणि ते दातांनी तोडावे लागे.

शस्त्रागारातल्या एका खलाशाने, म्हणजे मजुराने, ब्राह्मण शिपायाकडे पाण्यासाठी लोटा मागितला. शिपायाने जातीचे कारण सांगून नकार दिला. तेव्हा, आता गाईच्या आणि डुकराच्या चरबीची काडतुसे दातांनी तोडावी लागतील, मग तुमची जात कुठे राहील, असे खलाशी म्हणाला. ही हकीकत कॅप्टन राइटने २२ जानेवारीला वरिष्ठांना कळवली. वरसईच्या विष्णुभट गोडसे यांच्या ‘माझा प्रवास’मध्येही काडतुसांची गोष्ट आली आहे, इतकी ती दूरवर पसरली. यातला बोलणारा स्वतः त्या शस्त्रागाराचा कामगार होता. आत काय शिजते हे जाणणाऱ्या माणसाच्या तोंडून आलेली बातमी म्हणून तिला वजन आले.

पुढे जे घडले ते नोकरवर्गाच्या इतिहासात फार मोलाचे आहे आणि त्याच्याकडे द्यावे तितके लक्ष दिले जात नाही. शाळेचे प्रमुख मेजर बाँटेन यांनी शिपायांना संचलनासाठी उभे केले आणि कोणाची काही तक्रार असल्यास पुढे यावे असे सांगितले. निदान दोनतृतीयांश शिपाई पुढे आले, आणि त्यांत सगळे देशी अधिकारी होते. त्यांनी आदब सोडली नाही. काडतुसाच्या वंगणाला आपली हरकत आहे, आणि त्याऐवजी मेण व तेल वापरावे, असे त्यांनी स्पष्ट सांगितले. म्हणजे तक्रारीबरोबर तोडगाही त्यांनीच दिला. बराकपूरचे मेजर जनरल हिअर्सी यांनी तो उचलून धरला: शिपायांना बाजारातून हवे ते वंगण आणून स्वतः लावू द्यावे. काही दिवसांतच सरकारने याला मान्यता दिली. कागदावर पाहिले तर वरिष्ठांनी ऐकले, मार्ग काढला आणि तोही लवकर.

तरी मन वळले नाही. वंगणाचा प्रश्न सुटताच संशय काडतुसाच्या कागदावर गेला. कागद चकचकीत दिसतो, तेव्हा त्यातच चरबी असणार, असे शिपाई म्हणू लागले आणि फेब्रुवारीत बराकपूरला त्याची चौकशी बसली. कारण वंगणात कोणत्या जनावराची चरबी आहे, याची खबरदारी कंत्राट देताना कोणी घेतलीच नव्हती, आणि हे झाकून राहणारे नव्हते. अशा वंगणाचा धोका कर्नल टकर यांनी १८५३ मध्येच लेखी कळवला होता. तो कागद कचेरीत पडून राहिला. तीन वर्षांपूर्वी दिलेली हीच सवलत विश्वास म्हणून स्वीकारली गेली असती. १८५७ मध्ये ती चूक झाकण्याचा प्रयत्न वाटली. २९ मार्चला बराकपूरला मंगल पांडे यांनी शस्त्र उचलले आणि पुढचे सर्वश्रुत आहे.

उठाव मोडल्यावर डमडमचे शस्त्रागार चालूच राहिले. १८९० च्या दशकात कॅप्टन बर्टी-क्ले यांनी येथे आदळताच पसरणारी गोळी तयार केली. ‘डमडम’ हे नाव जगभर गेले ते त्या गोळीमुळे, आणि १८९९ च्या हेग परिषदेने युद्धात अशा गोळ्यांवर बंदी घातली. ती घडवणाऱ्या कामगारांचे नाव मात्र कोठे उरलेले नाही. त्या काळी कामगारांच्या मनाचा विचार करण्याची पद्धतच नव्हती. ज्यूट गिरण्यांत सरदार आणि मुंबईच्या कापड गिरण्यांत जॉबर माणसे भरती करत, कामाला लावत आणि काढूनही टाकत. काम होते की नाही एवढेच मालकाला कळे, ते कोणत्या मनाने होते हे सरदाराच्या पलीकडे पोचत नसे. मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या प्रयत्नांनी १८९० मध्ये गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली. थकलेल्या शरीराला आधी विश्रांती लागते, हे तेव्हा कुठे मान्य झाले.

मराठी घरांशी डमडमचे नाते जुळले ते गाण्याच्या तबकड्यांमुळे. ग्रामोफोन कंपनीने १९०८ च्या सुमारास सियालदहला तबकड्यांचा कारखाना काढला होता. १९२८ मध्ये डमडमला त्याहून मोठा उभा राहिला. तबकडीसाठी लागणारी लाख छोटा नागपूरच्या जंगलांतून येई, कोळसाही जवळचा, म्हणून ही जागा सोयीची होती. नाट्यपदे, भावगीते, अभंग, पोवाडे यांच्या कंपनीच्या एचएमव्ही छापाच्या तबकड्या तेथून मुंबई, पुणे, कोल्हापूर, नागपूरला जात. लाख, दगडाची भुकटी आणि काजळी यांचा गोळा तापवून मऊ करायचा, दोन्ही साच्यांवर लेबले उलटी ठेवायची, मधे गोळा ठेवून दाब द्यायचा, पाण्याने थंड करायचे, कडा घासायच्या आणि पुन्हा पुढचा गोळा घ्यायचा, असे ते काम होते. एका पाळीत हेच अगणित वेळा. लेबलावर गायकाचे, कवीचे, संगीतकाराचे नाव असे. काझी नझरुल इस्लाम यांच्यासारखा कवी याच कंपनीसाठी गाणी रचून कलावंतांकडून बसवून घेत होता. साचा दाबणाऱ्याच्या वाट्याला मात्र फक्त उष्णता आणि काजळी आली. एकाच उद्योगात निर्मितीचा आनंद इतका एकीकडे आणि आवृत्तीचा शीण इतका दुसरीकडे गेल्याचे दुसरे उदाहरण मिळणे कठीण. लाखेच्या तबकडीनंतर लाँग-प्ले आली आणि मग कॅसेटने हा धंदाच बदलला. १९८० च्या दशकाच्या मध्यावर कंपनी गोएंकांच्या आरपीजी समूहाकडे गेली आणि २००० मध्ये तिचे नाव सारेगामा झाले.

बंगालच्या कारखान्यांत कामगार आणि यंत्र यांना जोडणारा एक धागा व्यवस्थापनाच्या पुस्तकांहून जुना आहे. विश्वकर्मा पूजा बहुधा १७ सप्टेंबरला येते. त्या दिवशी यंत्रे धुऊनपुसून त्यांची पूजा होते, मूर्ती बसते, प्रसाद वाटला जातो, आकाशात पतंग चढतात. महाराष्ट्रात खंडेनवमीला हत्यारे आणि यंत्रे पुजतात त्याच जातीची ही चाल. बोनसही बंगालमध्ये दुर्गापूजेच्या आधी अपेक्षित असतो, जसा मुंबई-पुण्यात दिवाळीच्या आधी. १९६५ च्या कायद्याने बोनस हक्क बनला. त्याआधी तो बहुतांशी मालकाची मर्जी किंवा लवादाचा निवाडा असे. हक्क झाल्याने त्याची निश्चिती आली, हे चांगलेच झाले. परंतु यंदा काम कसे झाले यावर साहेब आणि कामगार वर्षातून एकदा बोलत, तो प्रसंग पुढे टक्क्यांच्या घासाघिशीपुरता उरला.

जेसपची कथा अधिक लांब आणि अधिक दुःखाची आहे. १७८८ पासून वंश सांगणारी ही कंपनी पूल, क्रेन, रोडरोलर, मालगाडीच्या वाघिणी आणि विजेवर धावणाऱ्या लोकलचे डबे बांधत असे. महाराष्ट्रातल्या रस्त्यांवर जेसपचे रोलर फिरले आणि मुंबईच्या लोकलचे कित्येक डबे जेसपने बांधलेले होते. २६ फेब्रुवारी १९४९ रोजी पन्नालाल दासगुप्ता यांच्या क्रांतिकारी कम्युनिस्ट गटाने डमडमचा विमानतळ आणि जेसपचा कारखाना यांवर सशस्त्र हल्ला केला. कारखान्यातल्या तिघा युरोपीय अधिकाऱ्यांना भट्टीत टाकून ठार करण्यात आले. त्या प्रकरणातून पुढे ‘पश्चिम बंगाल राज्य विरुद्ध अन्वर अली सरकार’ हा खटला उभा राहिला. १९५२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विशेष न्यायालयांच्या कायद्यातले एक कलम समानतेच्या हक्काविरुद्ध म्हणून रद्द केले. त्या पीठावर नागपूर उच्च न्यायालयातून गेलेले न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस होते.

बोस यांचा जेसपशी पुन्हा संबंध आला. हरिदास मुंदडा यांच्या ताब्यातल्या सहा कंपन्यांचे सव्वा कोटी रुपयांच्या आसपासचे समभाग आयुर्विमा महामंडळाने १९५७ मध्ये घेतले. त्यांत जेसपही होती. फिरोज गांधी यांनी लोकसभेत प्रश्न उठवला, मुंबईचे मुख्य न्यायमूर्ती छागला यांनी १९५८ मध्ये मुंबईतच जाहीर चौकशी केली, अर्थमंत्री कृष्णम्माचारी यांनी राजीनामा दिला आणि पुढे अधिकाऱ्यांच्या चौकशीचे मंडळ बोस यांच्या अध्यक्षतेखाली बसले. देशाने हे प्रकरण राजकारण म्हणून वाचले. डमडमच्या कामगाराला त्यातून कळले ते इतकेच, की आपण वाघिणी बांधत असताना वर कंपनीच्या समभागांचा खेळ चालला होता. १९५८ मध्येच जेसपचे व्यवस्थापन सरकारने हाती घेतले आणि १९७३ मध्ये कंपनी पूर्णपणे सरकारी झाली.

मधल्या काळात घेराव आला. १९६५ नंतर पंचवार्षिक योजना थांबली, रेल्वेने वाघिणींची मागणी घटवली आणि हावडा-कलकत्त्याच्या अभियांत्रिकी उद्योगात काम आटले. मार्च १९६७ मध्ये संयुक्त आघाडीचे सरकार येताच श्रममंत्री सुबोध बॅनर्जी यांच्या काळात परिपत्रक निघाले, की घेरावात पोलिसांनी श्रममंत्र्यांना विचारल्याशिवाय पडू नये. सहा महिन्यांत राज्यात हजाराहून अधिक घेराव झाले. जय इंजिनिअरिंगच्या खटल्यात कलकत्ता उच्च न्यायालयाने सप्टेंबरमध्ये ती परिपत्रके बेकायदा ठरवली. अधिकाऱ्याला तासन्‌तास कोंडून ठेवणे अन्यायाचेच होते, यात शंका नाही. पण घेरावाचा अभ्यास करणाऱ्यांत नितीश दे होते, आणि त्यांनी पुढे कामाची रचनाच बदलण्याचा आग्रह धरला. ते ज्या भारतीय व्यवस्थापन संस्थेत होते ती १९६१ मध्ये डमडमपासून जवळच बराकपूर ट्रंक रोडवरच्या एमराल्ड बावर या वाड्यात सुरू झाली होती. कामाची रचना बदलल्याचे उदाहरणही समोर होते: अहमदाबादच्या कॅलिको मिलमध्ये १९५३ मध्ये ए. के. राइस यांनी मागकऱ्यांच्या लहान तुकड्या करून त्यांना मागांच्या एका गटाची पुरी जबाबदारी दिली, तेव्हा उत्पादन आणि कापडाचा दर्जा दोन्ही सुधारले होते. हा धडा देशातच उपलब्ध होता.

सरकारने समित्यांचा मार्ग घेतला. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात कार्यसमिती होती, १९५८ मध्ये संयुक्त व्यवस्थापन मंडळे आली, ऑक्टोबर १९७५ मध्ये पाचशे किंवा त्याहून अधिक कामगारांच्या कारखान्यांत विभाग पातळीवर मंडळे नेमायची योजना निघाली, आणि १९७६ च्या घटनादुरुस्तीने कामगारांचा व्यवस्थापनातला सहभाग हे मार्गदर्शक तत्त्व झाले. परंतु वाघिणीची किंमत आणि संख्या रेल्वे ठरवत असे, भांडवल दिल्लीतून येई. ज्या मंडळाच्या हाती कँटीन, पंखे आणि सुरक्षेचे चष्मे एवढेच विषय राहतात, त्यात बसणाऱ्याला निर्णयात वाटा मिळाल्याचे समाधान लाभत नाही. मागणी नसताना पगार चालू राहिला, आणि काम नसलेली हजेरी हे हुन्नर असलेल्या माणसाला आतून खाणारे दुखणे आहे. वेल्डर आणि फिटर यांचा अभिमान केवळ पगारावर टिकत नाही.

२००३ मध्ये केंद्र सरकारने जेसपचा ७२ टक्के हिस्सा सुमारे १८ कोटी रुपयांना रुइया समूहाच्या कंपनीला विकला. काही काळ डबे आणि वाघिणींचे काम सुरू झाले, मग पुन्हा थंडावले आणि कारखाना बंद पडला. मुंबईत कुर्ल्याच्या कमानी ट्यूब्जच्या कामगारांनी १९८८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या मान्यतेने कारखाना सहकारी तत्त्वावर स्वतः घेतला होता. तोही फार वर्षे तरला नाही, पण आरंभीच्या काळात कामगारांनी उत्पादन पुन्हा उभे केले होते. डमडममध्ये असा प्रयोग झाला नाही. फेब्रुवारी २०१६ मध्ये राज्य विधानसभेने जेसप ताब्यात घेण्याचे विधेयक मंजूर केले, ऑक्टोबरमध्ये बंद कारखान्यात मोठी आग लागली, आणि राज्य सरकारने कामगारांना दरमहा १०,००० रुपयांचे साहाय्य देऊ केले.

डमडमचा जुना आयुधनिर्माणी कारखाना अजून चालू आहे. १ ऑक्टोबर २०२१ रोजी केंद्राने आयुधनिर्माणी मंडळ मोडून सात कंपन्या केल्या. त्यांतली यंत्र इंडिया लिमिटेड नागपूरची आहे, आणि डमडमचा कारखाना अंबाझरी, अंबरनाथ, भुसावळ येथील कारखान्यांबरोबर तिच्याकडे गेला. कामगार संघटनांचा विरोध होता, आणि त्याच वर्षी संरक्षण उत्पादनातल्या संपावर बंदी घालता येईल असा कायदाही झाला. कामगारांना सरकारी नोकर म्हणूनच दोन वर्षांसाठी नव्या कंपनीत मानीव प्रतिनियुक्तीवर ठेवले गेले. पुढे ही मुदत वाढवण्यात आली.