टी-शर्टवरचं '३० काउंट, कोम्ब्ड' म्हणजे नक्की काय?

मागच्या वर्षी मी ऑनलाइन एक टी-शर्ट घेतला. चार-पाच धुण्यांतच त्यावर बारीक गोळे आले. लेबल पाहिलं तर 'कॉटन-रिच', म्हणजे कापसात पॉलिस्टर मिसळलेलं! दिवसभर कोड वाचणारा मी, एक लेबल वाचायला विसरलो. तुमचे पैसे वाचावेत म्हणून ही माहिती.

१. स्पन यार्न
हे आखूड तंतूंचं सूत. कापसाचा तंतू साधारण अडीच-तीन सेंटीमीटरच असतो. जिनिंगमध्ये सरकी वेगळी होते. सूतगिरणीत कापूस पिंजून, साफ करून त्याचा मऊ पेळू बनवतात. तो ओढून बारीक करतात आणि शेवटी रिंग फ्रेमवर पीळ देतात. ताकद येते ती या पिळामुळेच. मध्ये विंचरून आखूड तंतू काढून टाकले की 'कोम्ब्ड' सूत मिळतं: जास्त गुळगुळीत आणि महाग.

२. फिलामेंट यार्न
इथे तंतू सलग लांब असतो. रेशमाच्या एका कोशातून शेकडो मीटर धागा निघतो. पॉलिस्टरच्या चिप्स मात्र वितळवून बारीक छिद्रांतून दाबतात आणि थंड करून ओढतात.

३. ब्लेंडेड यार्न
दोन प्रकारच्या तंतूंचं मिश्रण. हे लवकर वाळतं, कमी चुरगळतं. पण घासल्याने वर आलेले तंतू गुंततात आणि मजबूत पॉलिस्टर ते गोळे गळू देत नाही. माझ्या टी-शर्टचं हेच झालं.

काउंट की डेनिअर?
१ पौंड सुतात ८४० यार्डांच्या जितक्या लडी बसतात, तो काउंट. ३० काउंटचं १ ग्रॅम सूत सुमारे ५० मीटर भरतं. आकडा मोठा, तर सूत बारीक. डेनिअर म्हणजे ९००० मीटर धाग्याचं ग्रॅममधलं वजन. इथे आकडा मोठा, तर धागा जाड.

घरच्या घरी ओळखा
उसवलेला एक धागा चिमट्यात धरून मोठ्यांसमोर जाळा. सुती धाग्याला जळक्या कागदासारखा वास येतो, मऊ राख उरते. पॉलिस्टर वितळून कडक गोळी होते. पेट सुती कापडही घेतं, पण वितळलेलं पॉलिस्टर कातडीला चिकटतं. म्हणून दिवाळीत फटाके उडवताना अंगावर सुतीच कपडे हवेत.

पुढच्या वेळी 'बाय नाऊ' दाबण्याआधी मटेरियलची ओळ नक्की वाचा!