आम्ल-आम्लारी निष्कर्षण

आम्ल-आम्लारी निष्कर्षण ही मिश्रणातील सेंद्रिय संयुगे त्यांच्या आम्लधर्मी, आम्लारीधर्मी किंवा उदासीन स्वरूपानुसार वेगळी करण्याची पद्धत आहे. महाविद्यालयीन प्रात्यक्षिकांतील द्विघटक मिश्रणाचे पृथक्करण बहुधा याच तत्त्वावर केले जाते.

तत्त्व

बरीच सेंद्रिय संयुगे पाण्यात अल्प, परंतु ईथरमध्ये सहज विरघळतात. त्यांचे क्षार आयनिक असल्याने पाण्याच्या थरात जातात. बेंझोइक आम्लाचा पीकेए सुमारे ४.२, तर २-नॅफ्थॉलचा सुमारे ९.५ आहे. कार्बोनिक आम्लाचा पीकेए सुमारे ६.४ असल्याने सोडिअम बायकार्बोनेटची अभिक्रिया बेंझोइक आम्लाशी होते; २-नॅफ्थॉलशी मात्र होत नाही.

कृती

बेंझोइक आम्ल, २-नॅफ्थॉल, पॅरा-टोल्युडिन व नॅफ्थॅलीन यांचे मिश्रण ईथरमध्ये विरघळवून विलगकारी नरसाळ्यात पुढील क्रमाने हलवतात:

१. सोडिअम बायकार्बोनेटचे द्रावण: बेंझोइक आम्ल पाण्याच्या थरात जाते. कार्बन डायऑक्साइडमुळे दाब वाढत असल्याने नरसाळ्याची तोटी वारंवार उघडावी लागते.
२. सोडिअम हायड्रॉक्साइडचे द्रावण: २-नॅफ्थॉल वेगळे होते.
३. विरल हायड्रोक्लोरिक आम्ल: पॅरा-टोल्युडिन वेगळे होते.
४. ईथरमध्ये उदासीन नॅफ्थॅलीन उरते.

सोडिअम हायड्रॉक्साइड आधी वापरल्यास बेंझोइक आम्ल व २-नॅफ्थॉल एकत्रच निघतात. म्हणून क्रम महत्त्वाचा आहे. पहिल्या दोन जलीय थरांत हायड्रोक्लोरिक आम्ल व तिसऱ्यात सोडिअम हायड्रॉक्साइड घातल्यास मूळ संयुगांचा अवक्षेप मिळतो. बेंझोइक आम्ल व २-नॅफ्थॉल दोन्ही सुमारे १२२ °से. ला वितळत असल्याने केवळ द्रवणांकावरून त्यांची ओळख पटत नाही.

मर्यादा व दक्षता

जवळपास समान तीव्रतेची दोन आम्ले या पद्धतीने वेगळी होत नाहीत. तीव्र अल्कलीमुळे एस्टरचे जलीय अपघटन होऊ शकते. ईथर पाण्यावर तरंगतो, तर क्लोरोफॉर्म तळाशी जातो. त्यामुळे थर ओळखल्याशिवाय कोणताही थर टाकून देऊ नये. ईथर अत्यंत ज्वलनशील असल्याने जवळ ज्योत नसावी.

उपयोग

वनस्पतींतील अल्कलॉइडे आम्लारीधर्मी असल्याने विरल आम्लात क्षाररूपाने उतरतात व द्रावण अल्कधर्मी केल्यावर पुन्हा मुक्त होतात. सदाफुलीतील विनब्लास्टिन व विनक्रिस्टिन ही कर्करोगावरील औषधे अल्कलॉइडेच आहेत. पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा व सिप्ला यांनी १९८०च्या दशकात त्यांच्या देशी उत्पादनाची प्रक्रिया विकसित केली.

हेही पहा

* ऊर्ध्वपातन
* स्फटिकीभवन
* वर्णलेखन