परवीन बाबी : पडद्यावरचा आजार आणि उपचारांचा इतिहास

अभिनेत्री परवीन बाबी यांच्या मानसिक आजारावर पडद्याने चार वेळा कथा रचली. ‘अर्थ’ १९८२ साली आला, ‘फिर तेरी कहानी याद आयी’ १९९३ साली, ‘वो लम्हे’ २००६ साली, आणि २०२२ मध्ये ‘रंजिश ही सही’ ही वेबमालिका आली. चारही कथांचा उगम एकाच माणसाच्या आठवणींत आहे. ते म्हणजे दिग्दर्शक महेश भट, जे सत्तरच्या दशकाच्या अखेरीस जुहूमध्ये परवीन बाबी यांच्यासोबत राहत होते. त्यांच्या आठवणींमुळे एका गंभीर आजाराविषयी हिंदी प्रेक्षक पहिल्यांदा विचार करू लागला, हे मान्य करायला हवे. परंतु ज्या स्त्रीला तो आजार झाला, तिचे म्हणणे यांतल्या एकाही कथेच्या केंद्रस्थानी नाही.

ही हकीकत मुंबईच्या उपनगरांत घडली, आणि तिला चित्रपटधंद्याची चौकट आहे. १९३४ साली हिमांशू राय यांनी मालाडला बॉम्बे टॉकीज उभारली, १९४३ साली गोरेगावला फिल्मिस्तान निघाली, अंधेरीत स्टुडिओ वाढत गेले आणि १९७७ साली गोरेगावच्या टेकड्यांत सरकारी चित्रनगरी सुरू झाली. कलावंत जुहू, पाली हिल, विलेपार्ले या भागांत राहू लागले, म्हणजे घर आणि सेट यांत अर्ध्या-पाऊण तासाचे अंतर. कामाची पद्धत शिफ्टची होती. मागणी असलेली नटी सकाळी एका चित्रपटाची, दुपारनंतर दुसऱ्याची शिफ्ट करी आणि तिच्या ‘डेट्स’वर अनेक निर्मात्यांचे पैसे अडकलेले असत. बहुतेक निर्माते वितरकांच्या आगाऊ रकमेवर आणि व्याजाच्या पैशावर चित्रपट काढत. नटी आजारी पडली की सेट उभा राही आणि व्याज चालू राही. त्यामुळे तिला किती लवकर उभे करता येईल, हा प्रश्न वैद्यकीय राहत नसे.

परवीन बाबी जुनागढच्या बाबी घराण्यातल्या. अहमदाबादच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात त्यांनी इंग्रजी साहित्याचे शिक्षण घेतले. १९७३ साली क्रिकेटपटू सलीम दुराणी यांच्याबरोबर ‘चरित्र’ हा पहिला चित्रपट आला. ‘मजबूर’, ‘दीवार’, ‘अमर अकबर अँथनी’ यांनी त्यांना पहिल्या रांगेत नेले. १९७६ साली ‘टाइम’ साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर त्यांचे छायाचित्र आले. तोवर हिंदी चित्रपटातल्या कोणालाही हा मान मिळाला नव्हता.

१९७९ साली आजार उघड झाला. भट यांनी पुढे अनेकदा सांगितले आहे की कोणीतरी आपल्याला ठार मारणार आहे, या भीतीने त्या घराच्या कोपऱ्यात दडून बसल्या होत्या. डॉक्टरांनी निदान केले ते पॅरानॉइड स्किझोफ्रेनियाचे, म्हणजे संशय आणि भास ज्यात प्रबळ असतात अशा स्किझोफ्रेनियाचे. भट यांच्याच सांगण्यानुसार औषधांनी लवकर फरक पडेना, तेव्हा विजेचे झटके देण्याचा सल्ला मिळाला. कामे अडकलेल्या मंडळींनाही तोच मार्ग जवळचा वाटत होता. भट यांनी त्याला विरोध केला आणि परवीन यांना बंगळुरूला नेले. तिथे तत्त्वचिंतक यू. जी. कृष्णमूर्ती यांचा प्रभाव दोघांवरही होता. काही काळाने त्या कामावर परतल्या. ‘शान’, ‘कालिया’, ‘नमक हलाल’ हे चित्रपट त्यानंतर पडद्यावर आले.

त्या काळी झटक्यांची भीती का वाटे, हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागते. रोममध्ये चेर्लेत्ती आणि बिनी यांनी १९३८ साली ही पद्धत प्रथम वापरली. त्याच वर्षी मुंबईत डॉ. के. आर. मसानी यांनी जे. जे. रुग्णालयात मनोविकारांसाठी बाह्यरुग्ण विभाग सुरू केला. भूल आणि स्नायू सैल करणारे औषध देऊन केलेला हा उपचार तीव्र नैराश्यात आजही उपयोगी मानला जातो. पण भारतातल्या अनेक रुग्णालयांत तो कित्येक दशके भुलीशिवाय दिला गेला. शुद्धीवर असलेल्या रुग्णाला चौघांनी धरून ठेवायचे, मग झटका. यात हाडे मोडत, दात तुटत. रुग्णाची संमती विचारण्याची प्रथा फारशी नव्हती, नातेवाइकांची सही पुरत असे.

कायदाही त्याच वळणाचा होता. १९१२चा भारतीय वेडेपणाविषयीचा कायदा मुळात समाजाला वेड्यांपासून सांभाळण्यासाठी होता. दंडाधिकाऱ्याच्या हुकुमाने माणूस आत जाई. मुलुंडची हद्द ओलांडली की लागणाऱ्या ठाण्यात १९०१ साली मनोरुग्णालय सुरू झाले होते आणि उपनगरांतल्या गरिबांना तेच ठाऊक होते. घराघरांत ‘ठाण्याला पाठवू’ ही धमकी चेष्टेत दिली जाई. त्या चेष्टेमागे किती रुग्ण वर्षानुवर्षे नातेवाइकांची वाट पाहत राहिले, हे अंधेरी-घाटकोपरच्या घरांत क्वचितच बोलले जाई. श्रीमंतांसाठी खाजगी दवाखाने होते, तिथे गुप्तता विकत मिळे. १९१२चा कायदा जाऊन १९८७चा आला, पण तो अमलात यायला १९९३ साल उजाडले.

‘अर्थ’ ज्या वर्षी आला, त्याच वर्षी अमेरिकेत ‘फ्रान्सिस’ हा चरित्रपट प्रदर्शित झाला. सिअ‍ॅटलमध्ये १९१३ साली जन्मलेल्या फ्रान्सिस फार्मर या अभिनेत्रीची ती कथा. १९४३ साली अटक, मग आईच्या पालकत्वाखाली मनोरुग्णालयात रवानगी आणि १९५० पर्यंतचा बराच काळ वॉशिंग्टन राज्याच्या सरकारी रुग्णालयात. जेसिका लँगने ती भूमिका इतकी समर्थ केली की शेवटी मेंदूवर होणारी शस्त्रक्रिया प्रेक्षकांनी खरीच मानली. प्रत्यक्षात अशी शस्त्रक्रिया झाल्याची नोंद नाही. तो प्रसंग विल्यम अरनॉल्ड यांच्या पुस्तकातून पसरला आणि पुढे न्यायालयीन वादात पुस्तकाचा काही भाग कल्पित असल्याचे अरनॉल्ड यांना मान्य करावे लागले. छळ खरा होता, तरी तो आणखी भीषण करून दाखवण्याचा मोह पटकथेला आवरला नाही. चरित्रपटांच्या या जातीला हा दोष कायम चिकटलेला आहे.

‘अर्थ’मध्ये तो मोह नाही. कुलभूषण खरबंदाचा इंदर, शबाना आझमीची पूजा आणि स्मिता पाटीलची अभिनेत्री कविता सन्याल, असा त्रिकोण आहे. स्मिताने कविताचा संशय, अपराधभाव आणि थरकाप अंगात भिनवून दाखवला. पण कथा पूजाची आहे, शेवटी स्वतःच्या पायावर उभी राहते ती पूजा. कविताचा आजार हा त्या घरावर आलेल्या वादळाचा एक भाग ठरतो. ‘फिर तेरी कहानी याद आयी’ दूरचित्रवाणीसाठी बनला. पूजा भट आणि राहुल रॉय त्यात होते, आणि तिथे आजार प्रेमकथेच्या सेवेला लागला. मोहित सूरी यांच्या ‘वो लम्हे’मध्ये कंगना राणावतची सना अझीम आजाराच्या अधिक जवळ जाते. तिला दिसणारी ‘राणी’ ही बाई कोणालाच दिसत नाही, आणि भास म्हणजे काय, हे सामान्य प्रेक्षकाला त्यातून कळते. मात्र नायक तिला रुग्णालय आणि शहर यांपासून दूर नेतो, तेव्हा प्रेम हाच उपचार असल्यासारखे भासते. स्किझोफ्रेनियाच्या रुग्णाला नियमित औषध आणि न थकणारी माणसे लागतात. मराठीत ‘देवराई’ने २००४ साली हे समजून दाखवले. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांनी अतुल कुलकर्णीच्या शेषइतकेच महत्त्व त्याला सांभाळणाऱ्या बहिणीच्या ओढाताणीला दिले.

परवीन बाबी यांनी स्वतः हे निदान कधी स्वीकारले नाही. १९८३ साली त्या भारत सोडून गेल्या. एप्रिल १९८४ मध्ये न्यूयॉर्कच्या केनेडी विमानतळावर ओळखीची कागदपत्रे दाखवण्यास त्यांनी नकार दिला. त्यांना बेड्या घालून मनोरुग्णांच्या वॉर्डात ठेवल्याची बातमी भारतात आली. घाबरलेल्या रुग्णाशी बळाने वागण्याचे याहून स्पष्ट उदाहरण या चरित्रात नाही, तरीही चित्रपटांनी त्याला हात लावलेला नाही. १९८९ साली त्या मुंबईत परतल्या. आपल्याला वेडे ठरवण्याचा कट चित्रपटसृष्टी आणि वृत्तपत्रांनी केला, असे त्या मुलाखतींत सांगत. नामवंत व्यक्ती आणि परदेशी सरकारे यांच्यावर त्यांनी आरोप केले. हे आरोप आजाराचे लक्षण होते, असे म्हणून बहुतेकांनी ऐकणे थांबवले. पण त्यांच्या आजाराची गोष्ट त्यांना न विचारता पडद्यावर आणि मासिकांत विकली जात होती, हे तर खरेच होते.

२२ जानेवारी २००५ रोजी जुहूतल्या सदनिकेत त्यांचा मृतदेह सापडला. दाराबाहेरचे दूध आणि वर्तमानपत्रे काही दिवस तशीच पडलेली पाहून सोसायटीने पोलिसांना कळवले. शवविच्छेदन कूपर रुग्णालयात झाले. मधुमेहाने पायाला जखम झाली होती, आणि त्यांनी काही दिवस अन्न घेतले नव्हते. धर्मांतर करून त्या ख्रिस्ती झाल्या होत्या, तरी नातेवाइकांनी त्यांचा दफनविधी मुस्लिम पद्धतीने सांताक्रूझला केला. मनोरुग्णाची इच्छा मृत्यूनंतरही दुसऱ्यांनीच ठरवली.

कायदा बदलला तो त्यानंतर, पण त्याची निकड आधीच समोर आली होती. ऑगस्ट २००१ मध्ये तमिळनाडूतील एरवाडी इथे साखळदंडांनी बांधलेले मनोरुग्ण आगीत जळून मेले, आणि त्या वर्षी भुलीशिवायच्या झटक्यांचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात गेला. २०१७चा मानसिक आरोग्यसेवा कायदा २९ मे २०१८ पासून लागू झाला. भुलीशिवाय झटके देणे, साखळीने बांधणे आणि मनोविकाराच्या उपचाराच्या नावाखाली वंध्यीकरण करणे आता बेकायदा आहे. मेंदूवरची शस्त्रक्रिया रुग्णाची माहितीपूर्ण संमती आणि कायद्याने नेमलेल्या मंडळाची परवानगी असल्याशिवाय करता येत नाही. आजार बळावला तर कोणते उपचार हवेत, कोणते नकोत, हे प्रौढ व्यक्तीला आगाऊ लिहून ठेवता येते. आपल्या वतीने बोलणारा प्रतिनिधीही नेमता येतो. अशा प्रतिनिधीचे नाव परवीन बाबी कोणाला देऊ शकल्या असत्या, हा प्रश्न कायद्याने सुटणारा नव्हता, कारण अखेरच्या काही वर्षांत त्यांच्या दारापर्यंत येणारे कोणी उरले नव्हते.

२०२० साली करिश्मा उपाध्याय यांनी लिहिलेले परवीन बाबी यांचे इंग्रजी चरित्र आले. भट यांच्या आठवणींबाहेरच्या, घरच्या आणि मित्रमंडळींच्या साक्षीही त्यात जमा झाल्या. दोन वर्षांनी आलेली ‘रंजिश ही सही’ मात्र पुन्हा एका दिग्दर्शकाच्या नजरेतून आमना परवेझ या नटीकडे पाहते.