एका शिपायाची मेडले आणि त्याची सून



मंडळाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी प्रत्येक सभासद भगिनीने काही ना काही लिहून द्यावे, असे अध्यक्षबाईंनी सांगितले तेव्हा मी आधी नाहीच म्हटले. माझे शिक्षण सातवीपर्यंत. किराण्याची यादी आणि माहेरी एखादे पत्र, ह्यापलीकडे माझ्या हाती लेखणी येत नाही. पाककृती लिहून द्यावी तर पुरणपोळी तुम्हा सर्वांना माझ्यापेक्षा बरी येते. मग मनात आले, गेल्या वर्षी आमच्या घरातली एक जुनी ट्रंक उघडली आणि तिच्यापायी मला दूरदेशीचा थोडा इतिहास कळला, तोच सांगावा. चूकभूल पदरात घ्यावी.

आपल्या सातारा जिल्ह्यात लष्करी घरांना तोटा नाही. जिल्ह्यातल्या एकट्या अपशिंगे गावातले ४६ जण पहिल्या महायुद्धात कामी आले. आमचे मामंजीही फौजेतले. १९७१ च्या डिसेंबरात लढाई झाली तेव्हा ते पश्चिमेच्या सरहद्दीवर होते. पुढे पेन्शनीत येऊन शेती केली. लढाईबद्दल बोलावे असा त्यांचा स्वभाव नाही. फार विचारले तर, "थंडी लई होती," एवढेच सांगतात.

गेल्या वर्षी कुठल्याशा कामासाठी त्यांचे डिस्चार्ज बुक लागले. मी ट्रंक उघडली. वर सासूबाईंचे जरीचे लुगडे, खाली डांबराच्या गोळ्या आणि अगदी तळाशी ते पुस्तक. कॉलेजात जाणारी माझी मुलगी ते चाळू लागली. मेडलांच्या पानावर दोनतीन नावे लिहिलेली होती. पण त्या लढाईत पश्चिम आघाडीवर असलेल्यांना पश्चिमी स्टार मिळाला, त्याची नोंद नव्हती. मेडलही घरात नव्हते. मुलीने विचारले, "आजोबा, तुम्ही तिथे होता ना? मग इथे का नाही?" मामंजी म्हणाले, "कारकून विसरला असंल. राहू दे पोरी, आता काय त्याचं?" एवढे बोलून ते अंगणात गेले. पण जाताना पुस्तकाकडे एकवार वळून पाहिले, ते मी पाहिले.

मुलगी मात्र गप्प बसणारी नव्हे. अशी राहिलेली नोंद इतर ठिकाणी लोक कशी दुरुस्त करून घेतात हे शोधताना तिला अमेरिकेतल्या एका सुनेची हकिकत सापडली. ती तिने मला इंग्रजीतून वाचून, मराठीत समजावून सांगितली. मी पोळ्या लाटत ऐकत होते. मध्येच लाटणे थांबले ते कळलेही नाही.

त्या सुनेचे नाव ॲलीन कार्टर. तिचे सासरे सार्जंट एडवर्ड कार्टर. ह्यांचा जन्म १९१६ सालचा, लॉस एंजेलिस शहरातला. वडील काळ्या वर्णाचे अमेरिकन पाद्री आणि आई आपल्या हिंदुस्थानातली. त्यांचे बालपण काही काळ आपल्या देशात गेले, मग बिऱ्हाड चीनमध्ये शांघायला गेले. १९३२ साली जपान्यांनी शांघायवर हल्ला केला तेव्हा हा पोरगा घरातून पळून जाऊन चिनी फौजेत भरती झाला. वय अवघे पंधरा आहे असे कळल्यावर त्याला घरी पाठवले. पुढे स्पेन देशात फ्रँकोविरुद्ध लढाई चालली होती, तिथेही तो अमेरिकन स्वयंसेवकांबरोबर जाऊन लढला. १९४१ साली तो अमेरिकेच्या सैन्यात दाखल झाला.

त्या काळी अमेरिकेच्या सैन्यात गोऱ्यांच्या आणि काळ्यांच्या पलटणी वेगळ्या असत. काळ्या लोकांना बहुधा मालमोटारी हाकणे, सामान वाहणे, मुदपाकखाना अशी कामे देत. आपल्याला हे वाचून नवल वाटायला नको. आपल्याकडेही जात पाहून भरती चालू-बंद होत असे, आणि आजची महार रेजिमेंट उभी राहिली ती १९४१ साली. कार्टरही युरोपात गेले ते मालमोटारींच्या तुकडीबरोबर. मग १९४४ च्या अखेरीस जर्मनांनी मोठी चढाई केली, पायदळाची माणसे कमी पडू लागली, तेव्हा काळ्या शिपायांनाही लढायला येता येईल असे जाहीर झाले. अट अशी, की वरचा हुद्दा असेल तर तो सोडून साधा शिपाई व्हायचे. कार्टरांनी सार्जंटच्या फिती उतरवून दिल्या.

२३ मार्च १९४५ रोजी जर्मनीत स्पायर गावाजवळ ते रणगाड्यावरून चालले होते. रणगाड्यावर मारा झाला. समोरच्या जर्मनांचा ठाव घेण्यासाठी कार्टर तिघांना घेऊन उघड्या रानातून पुढे निघाले. दोघे मारले गेले, तिसरा जबर जखमी झाला. कार्टर एकटे पुढे गेले. पाच ठिकाणी जखमा झाल्या तेव्हा आडोशाला पडले. आठ जर्मन त्यांना पकडावयास आले. त्यांतले सहा त्यांनी मारले, उरलेल्या दोघांना कैद केले आणि त्यांनाच पुढे धरून परत आले. त्या कैद्यांकडून शत्रूची पुष्कळ माहिती मिळाली.

ह्या पराक्रमाबद्दल त्यांना डिस्टिंग्विश्ड सर्व्हिस क्रॉस मिळाला. तो त्या देशातला दुसऱ्या क्रमांकाचा मान. पहिला म्हणजे मेडल ऑफ ऑनर, आपल्या परमवीर चक्रासारखा. दुसऱ्या महायुद्धात चारशेहून अधिक अमेरिकनांना तो मिळाला, पण दहा लाखांहून अधिक काळे लोक सैन्यात असताना त्यांतल्या एकालाही त्या वेळी तो दिला गेला नाही.

इथवर ऐकून मी म्हटले, मोठे मेडल नाही तर दुसरे तरी मिळाले. पण खरे दुःख पुढेच आहे. १९४९ साली कार्टरांची मुदत संपली आणि पुन्हा भरती व्हावयास गेले तर त्यांना नाही म्हणून सांगितले. कारण कोणीच सांगेना. त्यांनी विचारणा केली, दाद मागितली, पण उपयोग झाला नाही. ज्याने फौजेसाठी पाच जखमा झेलल्या त्याने पुढे टायरच्या कारखान्यात नोकरी केली. १९६३ साली फुफ्फुसाच्या कर्करोगाने ते वारले. वय ४६. आपल्याला का काढले हे त्यांना शेवटपर्यंत कळले नाही.

भगिनींनो, गरिबी सोसवते, पण "ह्याने काहीतरी केले असेल, म्हणूनच काढला" ही शेजारपाजाऱ्यांची नजर सोसवत नाही. बायकामुलांनाही ती सोसावी लागते.

बरीच वर्षे गेली. १९९३ साली अमेरिकेच्या सैन्याने शॉ विद्यापीठाच्या अभ्यासकांना काम दिले, की काळ्या शिपायांना सर्वोच्च मान का मिळाला नाही ते शोधा. त्यांनी जुने कागद तपासून दहा नावे सुचवली, त्यांतली सात मान्य झाली. मेडल देण्याची कायद्याची मुदत केव्हाच टळलेली होती, म्हणून १९९६ साली तिथल्या काँग्रेसने, म्हणजे आपल्या संसदेसारख्या सभेने, खास मंजुरी दिली. १३ जानेवारी १९९७ रोजी राष्ट्राध्यक्ष क्लिंटन ह्यांच्या हस्ते सातांना मेडल ऑफ ऑनर देण्यात आले. सातांपैकी हयात एकच होते, व्हर्नन बेकर. बाकी सहांचे मेडल घरच्यांनी घेतले. कार्टरांचे त्यांच्या मुलाने स्वीकारले. दुसऱ्या दिवशी लॉस एंजेलिसच्या दफनभूमीतून आणलेले त्यांचे अवशेष आर्लिंग्टन येथील राष्ट्रीय दफनभूमीत मानाने ठेवण्यात आले.

कोणीही म्हणेल, झाले, देव पावला. पण सून ॲलीन हिला ते पुरे वाटले नाही. तिच्या मनात एकच प्रश्न: एवढा शूर माणूस, तर मग १९४९ साली दार का लावले? तिने घरातली जुनी पत्रे, कागद काढले. तिथे सरकारी कागद मागण्याचा कायदा आहे, आपल्याकडे २००५ पासून माहितीचा अधिकार आहे तसाच. त्याच्या आधारे तिने सासऱ्यांचे कागद मागवले. त्यांतून उलगडा झाला. स्पेनमध्ये लढले, चिनी भाषा येते, अशा गोष्टींवरून सैन्याच्या हेरखात्याने त्यांच्यावर ते साम्यवादी असल्याचा संशय घेऊन वर्षानुवर्षे पाळत ठेवली होती. पुरावा मात्र काहीच सापडला नव्हता. नुसत्या संशयावर माणसाची भाकर गेली होती.

अमेरिकेत सैनिकांच्या नोंदी दुरुस्त करण्यासाठी एक मंडळ आहे. १९४६ च्या कायद्याने ते झाले. त्या मंडळापुढे हे प्रकरण आले. १९९९ साली राष्ट्राध्यक्षांनी घरच्यांची माफी मागितली. १० नोव्हेंबर १९९९ रोजी लष्कराचे उपप्रमुख जनरल कीन ह्यांनी कुटुंबाच्या हाती दुरुस्त केलेले नोंदींचे कागद दिले आणि त्यांबरोबर राहिलेली तीन मेडले दिली. एक अमेरिकन कॅम्पेन मेडल, एक आर्मी ऑफ ऑक्युपेशन मेडल आणि एक गुड कंडक्ट मेडल.

ही तीन मेडले तशी लहान. पहिली दोन नेमलेल्या मुलखात नेमके दिवस नोकरी केली की मिळतात. शूर असो वा नसो, हजारोंना मिळाली. मुलगी म्हणाली, "आई, सगळ्यात मोठे मेडल मिळाल्यावर ह्या लहानांचे काय एवढे?"

मी पुष्कळ विचार केला आणि मला जे वाटले ते सांगते. तिसऱ्या मेडलाचे नावच चांगल्या वागणुकीचे मेडल. मोठ्या मेडलाने एवढेच सिद्ध झाले, की हा माणूस एका दिवशी फार शूर होता. पण त्याच्या शौर्यावर कधी कोणी शंका घेतलीच नव्हती. शंका घेतली होती ती त्याच्या इमानावर. ती पुसली गेली ह्या लहान मेडलाने. सुनेला हवे होते ते हेच. सासऱ्याच्या नावावरचा डाग धुऊन निघाला.

आणि बाकीची दोन लहान मेडले काय सांगतात? माणूस तिथे होता, हजर होता, एवढेच. आमच्या मामंजींचा पश्चिमी स्टार त्यातलाच. तो शौर्याचा नव्हे, हजेरीचा. पण शाळेच्या हजेरीपटात आपले नाव गाळले, तर लेकरूसुद्धा रडत घरी येते.

आणखी एक गोष्ट कळली ती प्रत्येकीने ध्यानात ठेवावी. १२ जुलै १९७३ रोजी अमेरिकेत सेंट लुईस येथे सैनिकांचे कागद ठेवण्याच्या इमारतीला आग लागली. दीड कोटीहून अधिक फायली जळाल्या. १९१२ ते १९६० च्या दरम्यान सैन्यातून सुटलेल्यांच्या शंभरातल्या सुमारे ऐंशी फायली गेल्या आणि त्यांच्या दुसऱ्या प्रती नव्हत्या. तेव्हा ज्यांच्या घरच्या बायकांनी पेटीत कागद जपून ठेवले होते, त्यांनाच आपली नोकरी सिद्ध करणे सोपे गेले. सरकारची फाईल जळते, भिजते, वाळवी खाते. घरातली ट्रंक ही दुसरी प्रत आहे.

आता आमचे. मुलीने अर्ज लिहिला, मामंजींनी सही केली आणि जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातून रीत विचारून आम्ही तो योग्य त्या ठिकाणी पाठवला. काही महिन्यांनी उत्तर आले, की त्या वेळी त्या पलटणीत असल्याचा कागद जोडावा. मला वाटले, आता मामंजी पुन्हा "राहू दे" म्हणणार. पण त्यांनी स्वतः ट्रंक ओसरीवर ओढून आणली. एकेक कागद काढला आणि प्रत्येक कागदाबरोबर एकेक गोष्ट निघाली. शेजारच्या खंदकातला सांगलीकडचा जोडीदार, गोठलेले पाणी, रात्री फुंकून फुंकून प्यालेला चहा. माझ्या लग्नाला वीस वर्षे झाली, पण हे मी पहिल्यांदाच ऐकले. मुलगी वहीत उतरवून घेत होती. सासूबाई आज असत्या तर म्हणाल्या असत्या, "मला तर कधी एवढं बोलला नाहीत!"

एक मळके कार्ड सापडले, त्यावर पलटणीचा शिक्का आणि तारीख आहे. त्याची प्रत आम्ही पाठवली. उत्तर अजून आलेले नाही. येईल तेव्हा येईल. मामंजी आता पोस्टमनची सायकल वाजली की अंगणात येऊन उभे राहतात. त्यांचे वय पंच्याहत्तर. उत्तर लवकर यावे, एवढीच देवाजवळ प्रार्थना.

तुमच्यापैकी पुष्कळजणींच्या घरी असे एखादे पुस्तक असेल. सासऱ्यांचे, वडिलांचे, दिराचे. ह्या दिवाळीच्या साफसफाईत ते काढा. मेडलांचे पान घरातल्या म्हाताऱ्या माणसासमोर बसून वाचा. राहिले असेल ते आत्ताच विचारा, कारण सांगणारा आहे तोवरच ते सोपे आहे. कागदांच्या प्रती काढा, मूळ कागद कोरड्या पिशवीत ठेवा. आपण सुना परक्या घरातून येतो, पण त्या घराचे नाव जपण्याचे काम पुष्कळदा आपल्याच हातून होते. ॲलीनबाईंनी ते सातासमुद्रापार केले. आपल्याला तर तालुक्यापर्यंतच जायचे आहे.

असो. लेख लांबला. मंडळाची उत्तरोत्तर भरभराट होवो, ही ईश्वरचरणी प्रार्थना.