लॅटिनची मधली पायरी

कोणतीही भाषा शिकणाऱ्याच्या वाटेवर एक अवघड टप्पा येतो. नामे चालवता येतात, क्रियापदांची रूपे तोंडपाठ असतात. तरी ग्रंथ उघडला की वाक्याचा अर्थ हाती लागत नाही. लॅटिनच्या अभ्यासात हा टप्पा विशेष खडतर. तिच्यात शब्दांचा क्रम लवचीक असतो. कोणता शब्द कोणाशी जोडलेला आहे हे प्रत्ययांवरूनच ओळखावे लागते. ख्रिस्तसभेने ही भाषा शतकानुशतके जपली, ती या मधल्या पायरीवर आयुष्य वेचणाऱ्या शिक्षकांच्या बळावर.

पहिली पायरी फार पूर्वीच बांधली गेली होती. चौथ्या शतकात रोममध्ये दोनातुस नावाचा व्याकरणपंडित होता. बायबलचे लॅटिन भाषांतरकार संत जेरोम हे त्याचे शिष्य. त्याने प्रश्नोत्तररूपाने लिहिलेली शब्दांच्या आठ जातींची छोटी पुस्तिका मध्ययुगात इतकी रुळली, की पुढे कोणत्याही बाळबोध व्याकरणाला ‘दोनात’ म्हणू लागले. परंतु दोनातुसचे विद्यार्थी घरी लॅटिनच बोलत. पुढच्या शतकांतील मुलांची मातृभाषा निराळी होती. त्यांना वाक्यरचनाही शिकवावी लागे.

ही उणीव भरून काढणाऱ्यांत मदेरा बेटावर जन्मलेले जेज्विट धर्मगुरू मानुएल आल्वारिश (१५२६–१५८३) यांचे स्थान मोठे आहे. त्यांचे व्याकरण १५७२ साली लिस्बन येथे छापले गेले. त्याचे तीन भाग आहेत: पहिल्यात शब्दांची रूपे, दुसऱ्यात वाक्यरचना, तिसऱ्यात छंदासाठी लागणारे ऱ्हस्व-दीर्घ. पुढे त्याच्या शेकडो आवृत्त्या निघाल्या. १५९४ साली जपानमधील आमाकुसा येथे जपानी रूपांची जोड देऊन ते छापण्यात आले.

जेज्विट शाळांची शिक्षणपद्धती १५९९ साली निश्चित झाली. तीत व्याकरणाचे तीन वर्ग होते: खालचा, मधला आणि वरचा. मधल्या वर्गाचा मुख्य अभ्यास म्हणजे आल्वारिश यांचा दुसरा भाग, अर्थात वाक्यरचना. वाचनासाठी सिसेरोने आप्तेष्टांना लिहिलेली पत्रे आणि ओव्हिडच्या सोप्या कविता. ही निवड मार्मिक आहे. पत्राची भाषा जिवंत असते, वाक्ये आटोपशीर असतात, आणि भाषणातील अलंकारांचा भार त्यांवर नसतो. पाठांतर म्हणून दाखवायचे ते वर्गातीलच नेमलेल्या विद्यार्थ्यापुढे. मुलांच्या जोड्या लावलेल्या असत. प्रत्येकाने आपल्या प्रतिस्पर्ध्याची चूक शोधायची. शनिवारी आठवड्याच्या पाठांची उजळणी होई. नियम, उतारा, लेखन आणि उजळणी या चाकोरीतून मधली पायरी ओलांडली जाई.

शब्दसंग्रहाचा प्रश्न मात्र उरलाच. १६११ साली स्पेनमधील सालामांका येथे आयरिश जेज्विटांनी ‘भाषांचे द्वार’ या अर्थाच्या शीर्षकाचे पुस्तक काढले. सुमारे बाराशे वाक्यांत पाच हजारांहून अधिक शब्द त्यांनी गुंफले. त्यावरून स्फूर्ती घेऊन प्रॉटेस्टंट शिक्षणतज्ज्ञ कोमेनियस यांनी १६३१ साली स्वतःचे ‘द्वार’ प्रसिद्ध केले. आयरिश पुस्तकातील वाक्यांचा एकमेकांशी संबंध नाही, हा त्यांचा आक्षेप होता. म्हणून त्यांनी विषयवार शंभर प्रकरणे पाडून एक हजार वाक्ये रचली. पंथभेद तीव्र असलेल्या त्या काळात एकाचे काम दुसऱ्याने पुढे नेले, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

लॅटिनच्या या मशागतीचे एक पीक आपल्या भूमीतही आले. ‘क्रिस्तपुराण’कर्ते फादर थॉमस स्टीफन्स १५७९ साली गोव्यात आले. १५८३ साली भाऊ रिचर्ड यांस लिहिलेल्या पत्रात त्यांनी नमूद केले की, इकडच्या भाषांची रचना लॅटिन व ग्रीक भाषांशी मिळतीजुळती आहे. विल्यम जोन्स यांनी संस्कृतविषयी असेच निरीक्षण मांडले ते १७८६ साली, म्हणजे दोनशे वर्षांनी! स्टीफन्स यांनी रचलेले कोंकणीचे व्याकरण त्यांच्या निधनानंतर, १६४० साली, राशोल येथे छापले गेले. त्याचा साचा लॅटिन व्याकरणाचा आहे.

हे साम्य आपल्यालाही पडताळून पाहता येते. ‘वेनी उत विदेआम’ म्हणजे ‘पाहावे म्हणून आलो’. लॅटिनला येथे क्रियापदाचे वेगळे रूप लागते. मराठीही ‘पाहावे’ असेच म्हणते. ‘उर्बे काप्ता’ म्हणजे ‘नगर जिंकले असता’. संस्कृत शिकलेल्या मुलास येथे सति सप्तमी चटकन आठवेल. लॅटिन तेच काम पंचमीसारख्या विभक्तीने करते. जी वळणे इंग्रजीच्या वाटेने गेल्यास दुर्गम वाटतात, ती मराठी आणि संस्कृतच्या वाटेने परिचित होतात.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ साली लोकभाषांना उपासनेचे दार उघडले, ते योग्यच झाले. परंतु त्याच परिषदेने लॅटिन टाकून दिली नाही. १९८३ च्या धर्मसंहितेनुसार भावी धर्मगुरूंना लॅटिन चांगली अवगत असावी, आणि पोप सोळावे बेनेडिक्ट यांनी २०१२ साली या भाषेसाठी स्वतंत्र अकादमी स्थापन केली. तरीही पुष्कळांचा अभ्यास पहिल्या पायरीवरच थांबतो. प्रार्थना म्हणता येते, स्तोत्र गाता येते. संत ऑगस्टीन मात्र भाषांतरातूनच भेटतात. आपल्या घरातील एखाद्या मुलाने वा मुलीने या भाषेची आवड दाखवली, तर ‘आता तिचा काय उपयोग?’ असे विचारून त्यांना परतवू नये. मराठीचे व्याकरण नीट शिकवावे, संस्कृतची गोडी लावावी. मधल्या पायरीचा अर्धा दगड त्यानेच रचला जातो.