जुनी कार घेताय? डहाणू-तलासरीत रंगाआधी पासिंग बघा

डहाणू / तलासरी : भात विकून चार पैसे हातात आले की गावात जुन्या गाड्यांची चौकशी सुरू होते. घरातलं आजारी माणूस रात्री कासा किंवा डहाणूच्या सरकारी दवाखान्यात न्यायचं असतं, कुणाची वापी-उंबरगावच्या कंपनीत रात्रपाळी असते. लाख-सव्वा लाखात कार मिळते म्हटल्यावर माणूस हरखतो. पण दलाल सांगतो तो आकडा फक्त गाडीचा असतो. ती नावावर होऊन रस्त्यावर नीट चालेपर्यंतचा खर्च त्यात धरलेला नसतो, आणि सीमेवरच्या या दोन तालुक्यांत तो खर्च जास्तच असतो.

कारण इथे विकायला येणाऱ्या बऱ्याच गाड्या एमएच-४८ च्या नसतात. वलसाडची जीजे-१५, सिल्वासाची जुनी डीएन-०९, दमणची डीडी-०३ अशा पासिंगच्या गाड्या स्वस्त मिळतात. मोटार वाहन कायद्यानुसार दुसऱ्या राज्यातली गाडी महाराष्ट्रात १२ महिन्यांपेक्षा जास्त ठेवली तर इथली नवी नोंदणी घ्यावी लागते. त्यासाठी आधी मूळ आरटीओची एनओसी, म्हणजे फॉर्म २८, लागते. मग इथला रोड टॅक्स भरायचा. तो गाडीची मूळ किंमत, इंधन आणि वय यावर ठरतो. म्हणून सौदा करण्याआधी आरटीओत त्या मॉडेलचा टॅक्स किती बसेल ते विचारून घ्या. एनओसी ‘नंतर आणून देतो’ म्हणणाऱ्याला पूर्ण पैसे देऊ नयेत. नुसता इसार द्यावा, तोही लिहून घेऊन.

दुसरी गोष्ट वयाची. खासगी कारची नोंदणी १५ वर्षांची असते, पुढे दर ५ वर्षांनी तपासणी करून वाढवावी लागते. २०११ ची गाडी २०२६ मध्ये तिथे पोचते. या नूतनीकरणाची फी १ एप्रिल २०२२ पासून ६०० वरून ५ हजार रुपये झाली. २० वर्षांवरच्या कारला तर २०२५ मध्ये ती १० हजार केली. वर पर्यावरण कर वेगळा. मुदत संपत आलेली गाडी स्वस्त का विकली जाते, ते यावरून कळतं. दिल्लीत १० वर्षांवरच्या डिझेल आणि १५ वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर निर्बंध आल्याने तिकडच्या गाड्याही लांब लांब विकल्या जातात. डिझेल एसयूव्ही फारच स्वस्त दिसली तर आरसीवर पहिली नोंदणी कुठली ते वाचा.

कागद बघायला एम-परिवहन ॲप पुरतं. नंबर टाकला की नोंदणीची तारीख, विमा, पीयूसी, कर्जाचा बोजा दिसतो. बोजा असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ हवाच. थकलेले ई-चलान वेगळे तपासा. चेसिस आणि इंजिन नंबर गाडीवर स्वतः वाचून आरसीशी जुळवा. खरवडल्यासारखा दिसला तर तिथूनच परत फिरा. सीएनजी किट बाहेरून बसवलं असेल तर त्याची आरसीवर नोंद आणि सिलिंडरच्या दर ३ वर्षांच्या चाचणीचा कागद मागा.

आता गाडी. बोर्डी, नरपड, चिंचणी या किनारपट्टीवर उभ्या राहिलेल्या गाडीला खाऱ्या हवेने आतून गंज लागतो, वरून रंग मात्र झकास असतो. पायाखालची मॅटिंग उचला, दरवाज्याच्या खालची पट्टी बोटाने दाबा, स्टेपनी काढून डिक्कीचा पत्रा बघा. नवा काळा रंग फक्त खालून मारलेला दिसला तर शंका घ्या. इंजिन पुन्हा बांधता येतं, सडलेली चेसिस कोण बांधणार?

पाण्यात बुडालेली गाडीही ओळखता आली पाहिजे. ऑगस्ट २०२४ मध्ये बडोद्यात विश्वामित्रीच्या पुरात कितीतरी कार पाण्याखाली गेल्या, आणि बडोदा आपल्याच हायवेवर आहे. सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढा, आत चिखलाचा डाग राहतो. एसी लावल्यावर कुबट वास आला की समजा.

इंजिन नेहमी थंड असताना सुरू करून घ्या. मालकाने आधीच गरम करून ठेवलं असेल तर दुसऱ्या दिवशी सकाळी जा. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय, पांढरा धूर थांबतच नसेल तर पाणी इंजिनात जात असण्याची शक्यता. ऑइलचं झाकण उघडल्यावर दुधासारखा साका दिसला तर सौदा सोडा. मग सायवन किंवा उधव्याकडच्या खड्ड्यांच्या रस्त्यावर चार माणसं बसवून चालवा, रिकाम्या गाडीत सस्पेन्शनचा आवाज कळत नाही. किलोमीटरच्या आकड्यावर भरवसा नको, तो मागे फिरवता येतो. झिजलेलं पेडल, गुळगुळीत स्टिअरिंग खरं सांगतं. मेस्त्री आपला न्यावा, दलालाचा नको.

पार्ट मिळतील का, हेही विचारा. शेव्हरोलेटने २०१७ अखेर भारतात विक्री थांबवली, फोर्डने २०२१ मध्ये कारखाने बंद करायचं ठरवलं. तवेरा दणकट खरी, पण एखाद्या पार्टसाठी गाडी महिनाभर झाडाखाली उभी राहते. मारुती, बोलेरोचं काम मात्र नाक्यावरच्या गॅरेजातही होतं.

समजा, गाडी १ लाख १० हजारांत ठरली. चार टायर, बॅटरी, क्लच, विमा, टॅक्स, नूतनीकरण, २०१९ आधीची असेल तर नवी नंबर प्लेट, हे सगळं वहीवर लिहा. बेरीज दीड लाखापुढे गेली तर त्या पैशात कमी वयाची एमएच-४८ गाडी मिळते का, ते आधी शोधा.

सौदा झाल्यावर कोऱ्या सह्यांचे फॉर्म २९ आणि ३० घरात ठेवून गाडी वर्षभर फिरवायची पद्धत गावोगाव आहे. विकणाऱ्यासाठी ती जास्त घातक. सुप्रीम कोर्टाने फेब्रुवारी २०१८ मध्ये स्पष्ट केलं की नोंदणीवर ज्याचं नाव, तोच मालक. अपघाताची भरपाई त्याच्याकडे मागितली जाते. घेणाऱ्यालाही विम्याचे पैसे मिळताना अडचण येते. राज्यातल्या राज्यात खरेदी असेल तर ३० दिवसांत नाव बदलायचा अर्ज करा, विमा १४ दिवसांत आपल्या नावावर करायला द्या. गाडी ताब्यात घेतल्याची तारीख आणि वेळ कागदावर लिहून दोघांनी सह्या कराव्यात. त्या वेळेच्या आधीचं चलान विकणाऱ्याने भरायचं, नंतरचं घेणाऱ्याने.